वर्षातले दहा महिने उभी राहणारी गाडी: सुट्टी संपवून जाताना काय करावं, परत आल्यावर काय बघावं

खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन, चिपळूण या बाजूला कुठल्याही मोहल्ल्यात फिरा, दर चार-पाच घरांमागे एका घराच्या गेटमध्ये कव्हर घातलेली गाडी दिसते. मालक कुवेत, सौदी, कतार, दुबईत नाहीतर जहाजावर. घरी अम्मी-अब्बा, कुठे भावजय आणि शाळेत जाणारी मुलं. गाडी चालते ती सुट्टीच्या महिन्या-दीड महिन्यात. लग्नं, दावती, मुंबईला विमानतळावर ये-जा एवढं झालं की मालक परत जातो आणि गाडीवर कव्हर पडतं.

आमच्याही घरी हेच होतं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मध्यरात्री अम्मीला धाप लागली. दारात चांगली सात वर्षांची, २० हजार किलोमीटरसुद्धा न चाललेली गाडी उभी होती. चावी फिरवली तर नुसतं टकटक वाजलं. शेजारच्या चाचांना उठवून त्यांच्या रिक्षातून तालुक्याला न्यावं लागलं. अम्मी बऱ्या झाल्या, अल्हमदुलिल्लाह. पण ती गाडी आम्ही घेतली होती ती नेमकी अशाच रात्रीसाठी.

म्हणून हा लेख. पंधरवड्यातून एकदाच बाहेर निघणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या गाड्यांनाही यातलं बरंचसं लागू होतं. पण समुद्रकाठची हवा आणि तीन हजार मिलीमीटरच्या वरचा पाऊस यांमुळे कोकणात उभी राहिलेली गाडी जास्त लवकर खराब होते.

आधी एक गोष्ट ठरवा

तुम्ही गेल्यावर ही गाडी कोणी चालवणार आहे की नाही? याचं उत्तर खरं द्या. "बघू, चालवेल कोणीतरी" हे उत्तर नव्हे.

चालवणारा माणूस असेल तर त्याने दहा-पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढून किमान २५-३० मिनिटं व्यवस्थित चालवायची. गल्लीत फेरी मारणं यात येत नाही. तालुक्याला जाऊन आलं तर उत्तम. माणूस नसेल तर गाडी नीट 'झोपवून' जायचं. बॅटरी सोडायची, टायरची सोय करायची, उंदरांची वाट बंद करायची. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. नुकसान होतं ते मधल्या पद्धतीने, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत तीच चालते.

मधली पद्धत अशी: जाताना भाच्याला सांगायचं, "आठवड्यातून एकदा सेल्फ मारून पाच मिनिटं गाडी चालू ठेव." भाचा बिचारा इमानदारीने तसं करतो. पण इंजिन सुरू करताना स्टार्टर बॅटरीतून जो मोठा करंट ओढतो, तो पाच मिनिटं जागेवर चालवून पूर्ण भरून येतोच असं नाही. त्यात हेडलाइट, पंखा, एसी लावला तर आणखी कठीण. दुसरं नुकसान आत होतं. थंड इंजिनात पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरतं तापलं तर ती निघून जाते, पण पाच मिनिटांत बंद केलं तर तेच पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं. मग सायलेन्सर आतून सडतो आणि ऑइल भरायचं झाकण उघडलं की खाली दुधट चिकट थर दिसतो. म्हणजे गाडी चालवायची असेल तर पुरती चालवा, नाहीतर हात लावू नका.

बॅटरी

बंद गाडीतली पहिली तक्रार जवळपास नेहमी बॅटरीचीच असते. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक, इंजिनचा कॉम्प्युटर थोडा थोडा करंट खातच असतात. चांगल्या गाडीत हा करंट साधारण २० ते ५० मिलीअँपिअर असतो. लहान पेट्रोल गाडीला सहसा ३५ अँपिअर-तासाची बॅटरी असते. ३० मिलीअँपिअर धरला तरी महिन्याला २१ अँपिअर-तासांहून जास्त जातात, म्हणजे निम्म्यापेक्षा अधिक बॅटरी रिकामी. बाहेरून लावलेला जीपीएस, स्वस्तातला अलार्म किंवा कॅमेरा असेल तर त्याहून लवकर.

बॅटरी रिकामी होते तेवढ्यावर भागत नाही. लेड-अॅसिड बॅटरी रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि मग ती पहिल्यासारखी चार्ज घेत नाही. वर्षभर तशीच ठेवली तर बहुतेक वेळा नवीनच घ्यावी लागते. दर सुट्टीला नवी बॅटरी घेणारी घरं आमच्या ओळखीत आहेत, आणि त्यांना वाटतं बॅटऱ्याच आता चांगल्या येत नाहीत.

साधा मल्टिमीटर घरात असू द्या. गाडी काही तास बंद ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावला की कळतं: १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली आली तर ताबडतोब चार्ज करायला हवी.

गाडी महिन्याहून जास्त अजिबात चालणार नसेल तर बॅटरी सोडूनच जा. काम पाच मिनिटांचं आहे, बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर काढायची. लावताना ती सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकवू नका. लाल वायर आधी सोडताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. फक्त काळी वायर सोडून, टोकाला कापड गुंडाळून बाजूला ठेवली तरी पुरतं. बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवली आणि दोन-तीन महिन्यांनी चार्ज करून घेतली तर आणखी चांगलं. बाजारात ट्रिकल चार्जर किंवा मेन्टेनर मिळतात, ते स्वतःच चार्ज कमी-जास्त करतात. घराजवळ प्लग असेल आणि वीज बरी असेल तर ही सोय सगळ्यात सोपी.

बॅटरी सोडण्याआधी मात्र तीन गोष्टी बघा. एक, रिमोट चालणार नाही. रिमोटच्या आत लपलेली साधी चावी कशी काढायची आणि दाराला कुठे लावायची हे आधीच करून बघा. दोन, काही गाड्यांची डिकी विजेवरच उघडते. तिच्यात जॅक, स्टेपनी किंवा जंपर केबल ठेवून कुलूप लावलं तर गरजेला बाहेर काढता येणार नाही. तीन, ऑटोमॅटिक गाडी बॅटरीशिवाय 'पी'मधून सहज निघत नाही. ती ढकलून हलवायची वेळ आली तर कुठलं बटण किंवा झाकण उघडायचं हे गाडीच्या पुस्तकात असतं. बॅटरी परत जोडल्यावर घड्याळ, रेडिओ, खिडक्यांची ऑटो सोय पुन्हा लावावी लागू शकते. त्याला घाबरू नका.

बिनचावीची, बटणाने चालू होणारी गाडी असेल तर रिमोट गाडीच्या अगदी जवळच्या खुंटीवर टांगू नका. जवळ असला की काही गाड्या वारंवार जाग्या होतात आणि बॅटरी खातात.

पावसाळा आणि जागा

२२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये पाणी भरलं तेव्हा कितीतरी गाड्या उभ्या जागी बुडाल्या, आणि त्यातल्या अनेकांचे मालक परदेशात होते. गाडी कुठे उभी करायची हे ठरवताना हा दिवस आठवा. नदी-खाडीजवळ घर असेल तर पावसाळ्याचे चार महिने गाडी उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवणं हाच उपाय. आणि घरच्यांना एक गोष्ट घट्ट सांगून ठेवा: गाडीत पाणी शिरलं असेल तर उतरल्यावर कोणीही चावी फिरवायची नाही. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन पाण्यावर आदळतात आणि आतले कनेक्टिंग रॉड वाकतात. हे नुकसान साध्या विम्यात अनेकदा बसत नाही, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन' वेगळं घ्यावं लागतं. बॅटरीची वायर सोडायची, फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी टो करून न्यायची.

जागा कोरडी, वारा येणारी हवी. मातीवर किंवा गवतावर गाडी उभी केली तर जमिनीतली ओल रात्रंदिवस खालच्या पत्र्याला लागते. फरशी, काँक्रीट, निदान जांभ्या दगडाची लादी बरी. नारळाच्या झाडाखाली तर उभी करूच नका. एक नारळ पडला की काच नाहीतर टप गेलं.

कव्हरबद्दल मोठा गैरसमज आहे. जाड प्लास्टिकचं, पाणी अजिबात न जाणारं कव्हर म्हणजे चांगलं असं लोकांना वाटतं. पण त्याच्या आत घाम साचतो, आणि कोकणात तो चार महिने सुकत नाही. रंगावर डाग पडतात, कडेला गंज धरतो. शेडमध्ये गाडी असेल तर साधं सुती किंवा हवा जाणारं कव्हर वापरा. उघड्यावर असेल तर कव्हरपेक्षा वर पत्र्याची शेड करा, भले कव्हर नसलं तरी चालेल. कव्हर घालण्याआधी गाडी गोड्या पाण्याने धुवायची, खालूनसुद्धा, कारण समुद्राकाठी फिरलेल्या गाडीच्या तळाला खारं असतं. मग एक-दोन तास चालवून किंवा उन्हात ठेवून पूर्ण वाळवायची. ओल्या गाडीवर कव्हर घालणं म्हणजे गंजाला दावत देणं.

आतली बुरशी हा वेगळाच त्रास. सुट्टीवरून आलेला माणूस दार उघडतो आणि सीटवर पांढरी लव दिसते, वास तर विचारू नका. जाताना गाडी आतून व्हॅक्यूमने साफ करा. मुलांनी सांडलेली बिस्किटं, खजुराच्या बिया, चॉकलेटचे कागद सगळं काढा. मॅट काढून घरात ठेवा, त्यांच्याखाली ओल राहते. बंद गॅरेज असेल तर काच बोटभर खाली ठेवता येते, पण उंदीर शिरेल एवढी नाही. सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या किंवा कोळशाच्या पिशव्या आत ठेवल्या तर फरक पडतो. मात्र त्या महिन्या-दोन महिन्यांनी सुकवाव्या नाहीतर बदलाव्या लागतात. काचेखाली, बॉनेटच्या कडेला झाडाची पानं साचतात, ती काढा. तिथली भोकं बुजली की पाणी थेट आत येतं. दारांच्या खालच्या कडेलाही पाणी जायची बारीक भोकं असतात, तीही मोकळी हवीत.

उंदीर

मेकॅनिकला विचारा, उभ्या गाड्यांमध्ये बॅटरीनंतर सगळ्यात जास्त काम कशाचं येतं. तो उंदीरच सांगेल. वायरिंगचा एक गुच्छ कुरतडला तर कुठे काय तुटलं हे शोधण्यातच दोन दिवस जातात, आणि पूर्ण गुच्छ बदलायचा तर खर्च हजारांत जातो.

खरं कारण बहुतेक वेळा गाडीत नसतं, गॅरेजमध्ये असतं. आपल्याकडे गॅरेज म्हणजे अर्धी कोठी. गाडीच्या शेजारी नारळाचा ढीग, भाताची पोती, काजूच्या बिया, लाकडं, जुन्या गाद्या. उंदराला खायला तिथे आणि राहायला बॉनेटखाली. नारळाचा काथ्या आणि गादीतला कापूस एअर फिल्टरच्या डब्यात सापडल्याचं प्रत्येक मेकॅनिकने पाहिलेलं असतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे धान्य आणि अडगळ गॅरेजबाहेर काढणं. हे केल्याशिवाय बाकी उपाय म्हणजे मनाचं समाधान.

मग एसीची सेटिंग 'आतली हवा' यावर ठेवून जा, म्हणजे बाहेरच्या हवेची वाट बंद राहते. बाहेरची हवा घेणाऱ्या तोंडावर बारीक लोखंडी जाळी मेकॅनिककडून बसवून घेता येते. लोक डांबरगोळ्या, तंबाखूची पानं बॉनेटमध्ये ठेवतात. वास आहे तोवर थोडा उपयोग होतो, मग उडून जातो. शिवाय डांबरगोळ्यांची वाफ मुलांना आणि दम्याच्या माणसाला वाईट, म्हणून त्या गाडीच्या आत ठेवू नका. गाडीखाली पिंजरा लावणं बरं. विष टाकू नका. विष खाल्लेला उंदीर एसीच्या नळीत जाऊन मेला तर तो वास महिनोन् महिने जात नाही, आणि शेजारच्या मांजरी-कोंबड्यांनाही धोका. घरातल्या कोणीतरी आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून नुसतं बघितलं, हलवलं, तरी उंदीर तिथे घर करायला कचरतो. हे काम गाडी चालवता न येणारी व्यक्तीसुद्धा करू शकते.

बॉनेटमध्ये किंवा सीटखाली लेंड्या दिसल्या तर झाडूने कोरड्या झाडू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, हे कोकणात कोणाला सांगायला नको. हातमोजे घालून, तोंडाला मास्क लावून, ब्लीचिंगचं पाणी शिंपडून ओल्या कापडाने पुसायचं. एसीचा केबिन फिल्टर नवा टाकायचा, तो महाग नसतो.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी

फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल आलं आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. नेहमी चालणाऱ्या गाडीत पेट्रोल आठवड्यात संपतं, म्हणून काही जाणवत नाही. महिनोन् महिने टाकीत राहिलं तर मात्र ओल साचून पाणी-इथेनॉल खाली वेगळं होऊ शकतं. शिवाय पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि गाडी चालू व्हायला त्रास देते. गाडी जुनी असेल तर रबरी पाइप आणि सील ई-२० साठी आहेत का, हे पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणाजवळच्या खुणेवर बघा, नाहीतर सर्व्हिस सेंटरला विचारा.

किती पेट्रोल ठेवावं यावर मेकॅनिक लोकांत एकमत नाही. माझा हिशेब असा: दोन-तीन महिन्यांसाठी जात असाल तर टाकी भरून जा, आत हवेला जागा कमी म्हणजे ओल कमी. दहा-बारा महिन्यांसाठी जात असाल, गाडी कोणी चालवणार नसेल आणि टाकी प्लास्टिकची असेल तर पाव टाकी ठेवा. परत आल्यावर वर ताजं पेट्रोल भरलं की मिसळून चालून जातं, नाहीतर ३०-३५ लिटर शिळं पेट्रोल करायचं काय? लोखंडी टाकीच्या जुन्या गाडीला मात्र रिकाम्या जागेत गंज धरतो, तिला भरून ठेवून फ्यूएल स्टॅबिलायझर टाकणं योग्य. कोणत्याही गाडीत टाकी कोरडी ठेवू नका. पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो.

डिझेल जास्त टिकतं, पण त्याच्या तळाशी पाणी साचतं आणि त्या पाण्यात जंतू वाढून चिकट गाळ होतो. फिल्टरखालचा पाणी काढायचा नळ परत आल्यावर मेकॅनिककडून सोडून घ्या. बीएस-६ डिझेल गाडीला डीपीएफ असतो, धुरातली काजळी धरणारा. तो साफ व्हायला गाडी हायवेला वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने पळावी लागते. फक्त बाजारापर्यंत जाणाऱ्या गाडीचा डीपीएफ तुंबतो आणि दिवा लागतो. खरं सांगायचं तर वर्षात हजार-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी डिझेल घेणंच चूक, पण घेतलेली असेल तर महिन्यातून एकदा मुंबई-गोवा हायवेला काढा.

सीएनजी असेल तर जाताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी लागते, तारीख पाटीवर असते. गाडी चालली नाही म्हणून ती पुढे जात नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर मोठी बॅटरी पूर्ण भरून किंवा अगदी संपवून ठेवू नका, निम्म्याच्या आसपास ठेवा. आणि विसरू नका, तिच्यातही १२ व्होल्टची लहान बॅटरी असते आणि तीही अशीच बसते.

इंजिन ऑइल किलोमीटरवर नाही, तारखेवर बदला. बहुतेक गाड्यांचं पुस्तक १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं सांगतं. तुमचं वर्षच आधी होणार. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, म्हणून सुट्टी संपताना, गाडी झोपवण्याआधी बदलणं जास्त फायद्याचं. आपण उलट करतो, आल्या आल्या सर्व्हिसिंग करतो. ब्रेक ऑइलही ओल ओढतं, ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं.

टायर आणि ब्रेक

टायरमधली हवा उभ्या उभ्या महिन्याला एक-दोन पीएसआय कमी होते. एकाच जागी वजन पडून टायर चपटा होतो, मग चालवताना गाडी धडधडते. जाताना नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरा, टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहून. महिन्यातून एकदा कोणी गाडी हातभर पुढे-मागे ढकलली तरी चालतं. दहा महिने विटांवर चढवून ठेवायचा जुना उपाय मी सांगणार नाही. चुकीच्या ठिकाणी विटा लावून खालचा पत्रा दाबून घेतलेले लोक आहेत.

टायरचं वय बघायला शिका. बाजूला शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. खाचा नव्यासारख्या दिसतात म्हणून आपण फसतो, पण रबर वयाने कडक होतं. सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांचा टायर, खाचा कितीही असोत, काढून टाका. स्टेपनीचाही हाच नियम.

हँडब्रेक ओढून गाडी ठेवू नका. पावसाळ्यात त्याची केबल आणि मागचे लायनर गंजून चिकटतात आणि मग चाक फिरतच नाही. सपाट जागेवर उभी करा, पहिल्या गिअरमध्ये टाका, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये, आणि चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे किंवा दगड लावा. वायपर काचेवरून उचलून ठेवा नाहीतर रबर चिकटतं.

कागदपत्रं आणि चावी कोणाकडे

उभ्या गाडीला विमा कशाला, असा विचार करून बरेच जण तो चुकवतात. विमा संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर साचलेला नो क्लेम बोनस, जो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो, पूर्ण जातो. मग परत घेताना गाडीची तपासणीही मागतात. पूर, चोरी, नारळ, उंदीर यांतलं काय तुमच्या पॉलिसीत बसतं ते वाचून घ्या. परदेशात बसूनही विमा ऑनलाइन भरता येतो, फक्त मोबाइलवर तारखेची आठवण लावा. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढली तर पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड आहे, आणि अपघात झाला तर भरपाई मालकाच्या अंगावर येते. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचं पीयूसी वर्षभर चालतं, आल्यावर हायवेला निघायच्या आधी ते करून घ्या. नोंदणीची १५ वर्षं कधी संपतात तेही आरसीवर बघून ठेवा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट बसवली नसेल तर सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात तारीख घ्या.

आता सगळ्यात नाजूक भाग. चावी कोणाकडे द्यायची? घरात लायसन्सवाला कोणी नसतो आणि सोळा वर्षांचा भाचा म्हणतो, "मामू, मला येते चालवता." त्याला फक्त सेल्फ मारायला दिलेली चावी एक दिवस गेटबाहेर जातेच. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मालक तिकडे कुवेतमध्ये असला तरी आरसीवर नाव त्याचंच असतं. मुलगा बहिणीचा आहे, नाही म्हणवत नाही, हे कळतं. तरीही चावी शेजारच्या लायसन्स असलेल्या माणसाकडे द्या, महिन्याला काही रक्कम ठरवा आणि पेट्रोलचे पैसे वेगळे. उपकाराच्या कामापेक्षा पगाराचं काम वेळेवर होतं. त्याचा नंबर अम्मींच्या फोनमध्ये घाला आणि रात्री-अपरात्री तो येईल का, हे त्याला स्पष्ट विचारून घ्या. गाडी पूर्ण झोपवून जाणार असाल तर अशा रात्रीसाठी दोन रिक्षावाले आणि १०८ रुग्णवाहिका, हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा. बॅटरी सोडलेली गाडी आहे, ती मध्यरात्री कोणी जोडत बसणार नाही.

परत आल्यावर

विमानातून उतरून घरी पोचल्या पोचल्या सेल्फ मारू नका. आधी कव्हर काढून गाडीखाली बघा, ऑइल किंवा पाणी टपकलंय का. बॉनेट उघडा, घरटं आहे का, वायर कुरतडलेली आहे का, एअर फिल्टरचा डबाही उघडून बघा. कधी कधी तिथे साप असतो, म्हणून काठीने हलवून मगच हात घाला. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल यांची पातळी बघा. टायरला हवा भरा. बॅटरी चार्ज करूनच जोडा.

दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायचा असेल तर क्रम असा: लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक आपल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना बरोबर उलट. धक्का मारून फक्त मॅन्युअल गाडी चालू होते, तीही बॅटरीत थोडा जीव असेल तरच.

चालू झाल्यावर रेस करू नका. ऑइल सगळं खाली उतरलेलं असतं, त्याला वर पोचायला थोडा वेळ द्या. ऑइलचा दिवा विझतो का बघा, नाही विझला तर बंद करा. मग ठोकळे काढा आणि गेटच्या आतच, अगदी हळू पुढे घेऊन ब्रेक दाबा. पहिले काही ब्रेक खरखर वाजतील, डिस्कवरचा गंज निघतोय. पण पेडल खाली जात असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर गेटबाहेर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. सगळं ठीक असेल तर एसी दहा मिनिटं चालवा, पहिल्या फेरीला एकटेच जा, मुलांना मागे बसवू नका, आणि पहिला मुक्काम पेट्रोल पंप: ताजं पेट्रोल आणि स्टेपनीसकट पाची टायरची हवा.